'आमच्याकडे अंध सभासद नाहीत' असे क्लायंट म्हणतो तेव्हा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तालुक्याच्या गावातल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेची वेबसाइट नव्याने करायचे काम तुमच्या तिघांच्या टीमला मिळाले आहे. सभासद लॉगिन, ऑनलाइन पासबुक, ठेवींचे व्याजदर, कर्जाचा अर्ज, सभेच्या नोटिसा असा सगळा पसारा आहे. तुम्ही ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना साइट वापरता येण्याचा, विषय काढला, तर व्यवस्थापक म्हणाले, "आमच्याकडे अंध सभासद कोणी नाहीत. त्याचे वेगळे पैसे आम्ही का द्यायचे? फार तर ते कोपऱ्यात व्हीलचेअरचे चित्र असलेले बटन असते, ते लावून टाका." त्यांना काय सांगू, आणि त्या बटनाने भागेल का, असे तुम्ही विचारता आहात.

बटनाचे उत्तर छोटे आहे: भागणार नाही. कारण पुढे सांगतो. आधी व्यवस्थापकांच्या त्या वाक्याकडे वळू, कारण या धंद्यात ते मी इतक्या वेळा ऐकले आहे की खरी गाठ तिथेच आहे असे मला वाटते.

अंध सभासद नाहीत, हे त्यांना कळले कसे? वेबसाइटच्या आकडेवारीतून कळणे शक्य नाही. कुठला फोन, कुठला ब्राउझर, कुठले शहर एवढे ती सांगते. समोरचा माणूस स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो आहे की नाही, हे ब्राउझर वेबसाइटला सांगत नाही, आणि सांगत नाही तेच बरे. नाही तर दिसेल त्या जाहिरातदाराला आपल्या अपंगत्वाची खबर लागली असती. सभासद अर्जात तसा रकाना असला तरी तो सहसा कोणी भरत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याला वेबसाइट वापरता येत नाही तो संस्था सोडून जात नाही, तक्रारही करत नाही. तो पुतण्याला हाक मारतो. किंवा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, नाही तर दारावर येणाऱ्या पिग्मी एजंटलाच. हातात फोन देतो, पासवर्ड सांगतो, ओटीपी आला की वाचून टाकायला लावतो. काम होते. तुमच्या सर्व्हरवर एका यशस्वी लॉगिनची नोंद पडते आणि व्यवस्थापकांना वाटते, सगळे सुरळीत चालले आहे. प्रत्यक्षात त्या पुतण्याला काकांच्या ठेवी किती, कर्ज किती थकले आणि नॉमिनी म्हणून नाव कोणाचे घातले आहे, हे सगळे एका बैठकीत कळलेले असते. पुतण्या कितीही सज्जन असो, हे त्याला कळायचे कारण नव्हते.

प्रत्येक बँकेत, प्रत्येक पतसंस्थेत भिंतीवर पाटी असते: ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि त्याच संस्थेची वेबसाइट अशी बांधलेली असते की काही सभासदांना तो सांगितल्यावाचून गत्यंतर नसते. व्यवस्थापकांना नैतिकतेचे डोस पाजू नका, ही विसंगती दाखवा. फसवणूक झाली तर उद्या त्यांच्याच टेबलावर फाइल येणार आहे.

आता 'अंध' या शब्दाबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रातल्या. ती गणना आठ प्रकारांत होती, पुढे २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले. जागतिक आरोग्य संघटना तर जगात दर सहा माणसांमागे एक असे प्रमाण धरते. पण आकडे राहू द्या, पतसंस्थेचे सभासद डोळ्यांपुढे आणा. निवृत्त शिक्षक, ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणत दोन दिवाळ्या गेल्या. मधुमेहाने नजर अधू झालेल्या आजी. कडबाकुट्टीत दोन बोटे गमावलेला शेतकरी, ज्याला बारीक बटनावर नेमके टेकवता येत नाही. कंपवात असलेले काका. जन्मापासून ऐकू न येणारा शिंपी, ज्याला 'अडचण आल्यास फोन करा' या ओळीचा काहीच उपयोग नाही. आणि बाजारात भर उन्हात भाजी विकणारी बाई, जिची नजर ठणठणीत आहे, पण दुपारी बारा वाजता फिकट करड्या अक्षरांतले तिला एक अक्षर दिसत नाही. यांतल्या बहुतेकांकडे अपंगत्वाचा दाखला नाही आणि ते स्वतःला अपंग म्हणवूनही घेणार नाहीत. अडखळतात मात्र सगळे त्याच जागी.

त्या जागा कोणत्या, हे बोलून पटत नाही. व्यवस्थापकांसमोर लॅपटॉप उघडा आणि त्यांची आत्ताची साइट त्यांना ऐकवा. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर फुकट आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांच्या प्रकल्पातून २००६ पासून तो घडत आला. तो सुरू करा, माउस बाजूला ठेवा आणि लॉगिनच्या पानावर टॅब दाबत जा.

पडद्यावर सभासद क्रमांक, पासवर्ड, कॅप्चा आणि निळे लॉगिन बटन असे सगळे नेटके मांडलेले दिसते. कानावर काय येते? "एडिट, ब्लँक." टॅब. "एडिट, प्रोटेक्टेड, ब्लँक." टॅब. "एडिट, ब्लँक." टॅब, आणि एकदम पानाच्या तळाची फेसबुकची लिंक. कुठल्या चौकटीत काय भरायचे, कळले नाही. लॉगिन बटन तर आलेच नाही. कारण 'सभासद क्रमांक' ही अक्षरे चौकटीच्या वर नुसती ठेवली आहेत, लेबल टॅगने चौकटीशी बांधलेली नाहीत. आणि ते निळे बटन मुळात बटनच नाही. एका डिवला, म्हणजे नुसत्या चौकोनी कप्प्याला, रंग देऊन त्याला क्लिक जोडले आहे. माउसने ते चालते, पण टॅब त्याच्यावर थांबत नाही आणि एंटर त्याला कळत नाही. दुरुस्ती म्हणाल तर तीन लेबल आणि डिवच्या जागी खरा बटन टॅग. याला 'वेगळे पैसे' म्हणायचे असतील तर म्हणा.

पुढचे पान ओटीपीचे. इथे मी थोडा जास्त रेंगाळतो, कारण हेतू चांगला असूनही काम कसे बिघडते हे इथे छान दिसते. '६० सेकंदांत ओटीपी टाका' आणि शेजारी उलटी मोजणी चालू. बदलणारा मजकूर स्क्रीन रीडरला कळावा म्हणून त्याला aria-live ही खूण लावतात, असे डेव्हलपरने कुठेतरी वाचलेले असते, म्हणून त्याने ते मोजणीला लावले. आता फोन दर सेकंदाला बोलतो: एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. मेसेज आल्याची सूचना त्यात बुडते, आपण कुठला अंक दाबला तेही ऐकू येत नाही, आणि गोंधळात वेळ संपून पान परत लॉगिनवर जाते. मोजणी गप्प ठेवा, थोडा वेळ उरला की एकदाच सांगा, मुदत वाढवून घेता येऊ द्या, आणि वेळ संपलाच तर 'पुन्हा पाठवा' एवढेच विचारा. भरलेले सगळे पुसून टाकू नका. पासवर्ड आणि ओटीपी पेस्ट करायला बंदी घालायची जुनी खोडही सोडा. तिने सुरक्षितता वाढत नाही, उलट लोक सोपे पासवर्ड ठेवतात. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या ताज्या आवृत्तीत, हा मुद्दा स्पष्टच आहे: लॉगिनसाठी माणसाच्या स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेऊ नका, निदान पासवर्ड मॅनेजरला आणि पेस्टला मोकळीक द्या. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चाही त्यात अडकतो. पतसंस्थेच्या लॉगिनला चुकीच्या प्रयत्नांवर सर्व्हरकडून मर्यादा घातली तर कॅप्चाची गरज बहुधा उरतच नाही.

चूक झाली तर चौकटीची कड लाल होते, बस. रंग नीट न ओळखणाऱ्याला ते दिसत नाही, ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि दिसले तरी चुकले काय हे कोणालाच उमगत नाही. 'सभासद क्रमांक सहा अंकी हवा, तुम्ही पाच अंक टाकले आहेत' असे शब्दांत लिहा आणि ते वाक्य त्या चौकटीला जोडा.

आता आपल्या भाषेचे. इंग्रजी मार्गदर्शिका वाचून काम करणाऱ्यांच्या हातून हा भाग हमखास सुटतो, आणि मराठी साइटवरचे अर्धे दुखणे इथेच असते.

पानाच्या सुरुवातीला भाषेचा कोड असतो. विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये तो इंग्रजीचा असतो आणि तसाच राहतो. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. काही आवाज देवनागरी गाळूनच टाकतात, काही ती हिंदीच्या वळणाने उच्चारतात. तो कोड मराठीचा केला, आणि मध्येच एखादा परिच्छेद इंग्रजीत असेल तर तेवढ्याला इंग्रजीचा लावला, की काम झाले. सगळ्या साइटवर मिळून एका ओळीचा बदल.

दुसरे दुखणे मोठे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस कशी चढते, आठवा. डीटीपीवाल्याने जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये ती टाइप केली, छापली, अध्यक्षांनी सही केली, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला, तो व्हॉट्सॲपवर फिरला आणि तोच वेबसाइटवर चढला, तिरका, खाली टेबलाची कड दिसते आहे अशा अवस्थेत. स्क्रीन रीडरला तिथे फक्त 'इमेज' आणि फाइलचे लांबलचक नाव ऐकू येते. नजर चांगली असलेल्यालाही फोनवर तो मोठा करून इकडेतिकडे सरकवत वाचावा लागतो. आणि मूळ पीडीएफ चढवली तरी सुटका नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली अक्षरे पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ असते, आणि स्क्रीन रीडर ती सरमिसळ वाचतो. शोधयंत्रालाही तेच दिसते, म्हणून संस्थेची नोटीस शोधून सापडत नाही. हा मुद्दा व्यवस्थापकांना लगेच कळतो, असा अनुभव आहे. उपाय साधा: नोटीस युनिकोडमध्ये, वेबपानावरचा मजकूर म्हणूनच टाका. सहीची प्रत हवी असेल तर खाली जोडा. व्यवस्थापन पॅनेलमध्ये त्यासाठी साधी मजकुराची चौकट द्या, कारण तुम्ही काम सोपवून गेल्यावर नोटिसा चढवणार आहे तो संस्थेतला क्लार्क. त्याला फोटो चढवणे सोपे आणि मजकूर टाकणे अवघड असेल, तर तो फोटोच चढवणार. त्याचा दोष नाही.

व्याजदरांचा तक्ताही असाच चित्र म्हणून येतो. तो खरा तक्ता करा आणि मथळ्यांना मथळ्याचे टॅग द्या. मग एखाद्या आकड्यावर गेल्यावर स्क्रीन रीडर 'ज्येष्ठ नागरिक, १३ ते २४ महिने' असे सांगून दर वाचतो. मथळे नसले तर नुसतेच आकडे कानावर पडतात, आणि कुठला दर कोणाचा हे बोटे मोजून लक्षात ठेवावे लागते.

देवनागरीच्या ओळींना मोकळी जागा लागते. वर वेलांटी-रफार, खाली उकार-ऋकार. इंग्रजीसाठी बेतलेल्या अंतरात 'कर्तृत्व'सारखा शब्द वरच्या-खालच्या ओळींशी भांडतो. ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा. उलट अक्षरांतले अंतर वाढवायची इंग्रजी फॅशन इथे आणू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. आणि भाषा सोपी करा. 'उपरोक्त बाबींची पूर्तता न केल्यास सदर अर्ज विचारात घेतला जाणार नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याला भारदस्त वाटते. 'वरील कागद जोडले नाहीत तर अर्ज मंजूर होणार नाही' हे जामीनदारालाही कळते.

रंगाचा विषय निघाला की डिझायनर नाराज होतात, म्हणून आकडेच देतो. साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या कॉन्ट्रास्टचे, म्हणजे उजेडातल्या फरकाचे, प्रमाण किमान ४.५ ला १ हवे, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालते. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा ४.५४ भरतो, म्हणजे पास. ७७७७७७ चा ४.४८, म्हणजे नापास. चौकटीतल्या सूचनांना सर्रास वापरला जाणारा ९९९९९९ चा करडा तर तीनच्याही खाली जातो. आणि आपल्याकडची आवडती भगवी पट्टी: एफएफ९९३३ या भगव्यावर पांढरी अक्षरे २.१ वर अडकतात. त्याच भगव्यावर काळी अक्षरे ९.८ च्या पुढे जातात. भगवा बदलायची गरज नाही, वरची अक्षरे गडद करा. यात तुमची संस्था एकटी नाही, एवढे समाधान. वेबएम ही अमेरिकन संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासते, त्यांत सुमारे ९५ टक्के पानांवर दोष सापडतात आणि सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच, फिकट अक्षरे.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ४६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवा पुरवणाऱ्यांना सुगम्यतेचे, म्हणजेच ॲक्सेसिबिलिटीचे, नियम पाळायला सांगते, आणि कलम ८९ मध्ये दंड आहे: पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही तर सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, म्हणून आपण सुटलो असे व्यवस्थापक म्हणतील. हा कायदा तो फरक करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी असून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून निकाल तर तुमच्या कामाशी थेट जोडलेला आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना डिजिटल केवायसी करताना 'डोळे मिचकावा' असे सांगितले जात होते, आणि त्यांना पापण्या मिटताच येत नव्हत्या. माणूस समोर जिवंत बसलेला, आणि यंत्र त्याला जिवंत मानायला तयार नाही. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि केवायसीसाठी २० निर्देश दिले. ३१ जुलै २०२५ रोजी सेबी या शेअर बाजाराच्या नियामकानेही आपल्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी परिपत्रक काढले. तरीही कायद्याचा धाक हा तुमचा पहिला मुद्दा करू नका. धाकाने काम करणारा क्लायंट प्रमाणपत्र मागतो, साइट सुधारत नाही.

आणि प्रमाणपत्र मागणाऱ्यासाठीच ते कोपऱ्यातले बटन बाजारात आहे. कोडची एक ओळ टाका, साइट नियमांत बसेल, असा त्याचा दावा असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या कंपनीला अशाच दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. कारण सरळ आहे. चौकटीला लेबल नसेल तर तिच्यात काय भरायचे हे त्या बटनाला कुठून कळणार? ते अंदाज करते. अक्षरे मोठी करणे, रंग उलटे करणे, मजकूर वाचून दाखवणे या सोयी ज्याला लागतात त्याच्या फोनमध्ये त्या आधीच सुरू असतात, आणि त्याला त्या सगळ्या साइटवर हव्या असतात, तुमच्या एकट्या साइटवर नाही. सरकारी धाटणीच्या साइटवर वर 'अ- अ अ+' असते, तेही असेच. त्याऐवजी ब्राउझरमध्ये पान ४०० टक्के मोठे करून पाहा. मजकूर एकावर एक चढत नाही आणि आडवे सरकवावे लागत नाही, एवढे जमले तर त्या तीन 'अ'ची गरज नाही.

आतापर्यंत बोललो ते बहुतेक शरीराशी जोडलेले होते. सर्वसमावेशक डिझाइन म्हणतात त्यात आणखी एक बाजू येते, आणि पतसंस्थेत ती फार जवळची आहे. तुमचा सभासद अर्ज घ्या: नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, तिन्ही सक्तीची. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लागते. म्हणजे मुलांच्या बचत खात्याच्या अर्जात तुमच्या तीन चौकटी आधीच तोकड्या पडल्या. आडनाव लावणे जाणीवपूर्वक सोडलेली माणसे आपल्याकडे आहेत. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती सभासदाच्या नावात मधले नाव वडिलांचे नसते. तमिळ सभासदाला आडनावाच्या जागी आद्याक्षर लिहायचे असते. एकट्या आईला 'पतीचे नाव' ही चौकट दर वेळी तोंडावर मारल्यासारखी लागते. 'आधार कार्डावर आहे तसे पूर्ण नाव' अशी एकच लांब चौकट ठेवली तर यातले बहुतेक प्रश्न निर्माणच होत नाहीत.

मोबाइलचेही तसेच. बचत गटातल्या कितीतरी बायकांच्या घरात फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. तिने नोंदणी करायला घेतली की साइट म्हणते, 'हा क्रमांक आधीच वापरात आहे'. एका क्रमांकावर दोन सभासद चालू द्या आणि प्रत्येकाला वेगळा पिन द्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे आदर्श नाही, मला मान्य आहे. पण आजचा पर्याय असा आहे की तिचे खाते नवराच चालवतो, आणि त्याला सुरक्षित म्हणायला मी तयार नाही. पासबुकाची नोंद संस्थेच्या काउंटरवर छापून घेण्याची सोयही बंद करू देऊ नका. वेबसाइट आली म्हणून काउंटरची खिडकी अरुंद झाली, तर समावेशकतेच्या नावाने उलटीच गंगा वाहिली म्हणायची.

खर्चाचा प्रश्न. नव्याने बांधताना हे सगळे बसवणे म्हणजे मुख्यतः योग्य टॅग वापरणे, त्याला फारसे जास्त तास लागत नाहीत. पैसा जातो तो मागाहून करताना, प्लास्टर झाल्यावर वायरिंगसाठी भिंत फोडावी तसा. या वादाला जुना इतिहास आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटवर चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, नव्हता आणि निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये तक्रार केली. सुधारणा करणे परवडणार नाही, असे आयोजकांचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ते मानले नाही आणि पुढे २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लावली. परवडत नाही हे वाक्य तेव्हाही होते आणि तेव्हाही ते तपासल्यावर टिकले नाही. तुमच्या टीमच्या दृष्टीनेही हे शिकून वाया जाणार नाही. २८ जून २०२५ पासून युरोपात ॲक्सेसिबिलिटीचा कायदा बँकिंग, ऑनलाइन खरेदी, ई-बुक अशा सेवांना लागू झाला आहे, आणि युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांना हे काम जाणणारी माणसे हवी आहेत.

तपासणीबद्दल एक इशारा. लाइटहाउस, ॲक्स, वेव्ह ही साइट आपोआप तपासणारी साधने जरूर चालवा, पण त्यांच्या शंभर गुणांवर विसंबू नका. चित्राला पर्यायी मजकूर आहे एवढे त्यांना कळते. तो 'इमेज १' आहे की 'नवीन शाखेचे उद्घाटन' हे कळत नाही. माउस काढून पूर्ण कर्जअर्ज भरून पाहा, आणि फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता कुठल्या चौकटीवर आहे, हे प्रत्येक पायरीवर दिसते का ते बघा. डिझायनरला फोकस दाखवणारी निळी चौकट कुरूप वाटते म्हणून कोणीतरी ती काढून टाकलेली असते. फोनवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर मराठी आवाजात चालू करा, कारण तुमचे खरे वापरकर्ते लॅपटॉपवर नसून फोनवर असतील. आणि शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या, मोबदला देऊन. 'तुमच्याच भल्यासाठी आहे, जरा बघून द्या' असे म्हणून फुकटात काम करून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. ती तुम्ही तरी पाळू नका.

कोटेशनमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' अशी वेगळी ओळ आणि तिच्यापुढे रक्कम लिहू नका. संचालक मंडळाच्या बैठकीत पहिली काट तिच्यावरच मारली जाईल. त्याऐवजी काम पूर्ण झाल्याच्या अटींत लिहा: लॉगिन, ओटीपी, पासबुक आणि कर्जअर्ज हे चारही टप्पे माउसशिवाय, स्क्रीन रीडरवर आणि ४०० टक्के मोठ्या अक्षरांत, दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय पूर्ण होतील. व्यवस्थापकांना ही अट आवडेल, कारण ती वाचताना कामाच्या दर्जाबद्दलची वाटते, आणि ती आहेही दर्जाबद्दलचीच. वेळ कमी पडला तर याच क्रमाने चला, मग व्याजदराचा तक्ता, मग नोटिसा. मुखपृष्ठावर आपोआप सरकणारे फोटो सगळ्यांत शेवटी घ्या. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलत राहणाऱ्या गोष्टीला थांबवायचे बटन द्यावे लागते, ते कीबोर्डवर चालावे लागते, प्रत्येक फोटोला मजकूर लागतो. अध्यक्षांचा आग्रह नसेल तर तो स्लायडर काढूनच टाका, तेवढे काम वाचेल.